स्कॅन नॉर्मल आला, तरी पोट का दुखतं?

प्रश्न नाशिकच्या एका 29 वर्षांच्या बाईंचा आहे. आधी तो थोडक्यात सांगतो. दोन-अडीच वर्षांपूर्वी एका लग्नात जेवून आल्यावर त्यांना सडकून जुलाब झाले. ते चार-पाच दिवसांत थांबले, पण पोट काही पूर्वीसारखं झालं नाही. ऑफिसला निघायच्या आधी दोन-तीनदा संडासला जावं लागतं. बेंबीखाली कळा येतात आणि शौचाला झालं की जरा हलकं वाटतं. प्रवास, मीटिंग, पाहुणे म्हटलं की हमखास त्रास. रक्त-लघवी, सोनोग्राफी, दुर्बीण सगळं झालं. जेवणानंतर पोट जड राहतं म्हणून शेवटी गॅमा कॅमेऱ्याखाली जठराचा स्कॅनही झाला, आणि तोही नॉर्मल आला. आता घरचे म्हणतात, ‘तुझ्या डोक्यातच आहे.’ त्यांना विचारायचंय ते असं: एवढ्या मोठ्या मशीनला काही दिसलं नाही, मग दुखणं खरं मानायचं का? ताणाचा आणि आतड्याचा खरंच काही संबंध आहे का? आणि पोटात गेलेल्या त्या किरणोत्सर्गाचं काय?

बरीच वर्षं मी न्यूक्लियर मेडिसिनमध्ये आहे. असे स्कॅन करायचे आणि रिपोर्टवर सही करायची हे माझं रोजचं काम. तुमचं वर्णन आयबीएसशी, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोमशी, जुळतं, पण आधी तुमच्या रिपोर्टकडेच वळू, कारण निम्मा घोटाळा तिथेच झालाय.

तुम्हाला ‘औषध घातलेली इडली’ खायला दिली असं तुम्ही लिहिलंय. जठर किती वेळात रिकामं होतं हे बघणाऱ्या या चाचणीचं अमेरिकेतलं ठरलेलं जेवण म्हणजे अंड्यातला पांढरा भाग, दोन टोस्ट, जॅम आणि पाणी, साधारण 255 कॅलरी. तिथल्या तज्ज्ञांनी 2008 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. आपल्याकडे अंडं न खाणारे पुष्कळ, म्हणून अनेक केंद्रांनी इडली धरली. कालवलेल्या पिठात टेक्नेशियम-99एम हा किरणोत्सर्गी पदार्थ जोडलेलं सल्फर कोलॉइड मिसळायचं आणि मग वाफवायचं. शिजताना ते इडलीत घट्ट बसतं. नीट बसलं नाही तर ते पाण्याबरोबर पुढे सटकतं, आणि इडली पोटातच असताना कॅमेरा सांगतो की जठर रिकामं झालं. त्यामुळे आमच्या खात्यात इडली बिघडली तर चवीची तक्रार कोणी करत नाही, रिपोर्ट चुकतो.

टेक्नेशियममधून 140 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण बाहेर पडतात. कॅमेऱ्याचं डोकं तुमच्या पोटासमोर आणलं होतं, त्यात शिशाच्या जाळीमागे सोडियम आयोडाइडचा एक सलग स्फटिक असतो. तो असतो रुंद थाळ्याएवढा, पण जाडीला जेमतेम साडेनऊ मिलिमीटर. त्यात थॅलियम किंचित मिसळलेलं असतं. गॅमा किरण त्यात अडकला की निळसर-जांभळा प्रकाश चमकतो आणि पाव मायक्रोसेकंदात विझतो. किरण एक, पण त्यातून प्रकाशकण निघतात पाचेक हजार. मागच्या नळ्या ते टिपतात आणि ठिणगी नेमकी कुठे पडली हे संगणक काढतो. थॅलियम घातलं की सोडियम आयोडाइड असं चमकतं हे रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी 1948 मध्ये दाखवलं, आणि 1950 च्या दशकाच्या अखेरीस बर्कलीत हाल अँगर यांनी त्याचा कॅमेरा केला. त्याआधीची माणसं काय करायची? 1909 च्या सुमारास मँचेस्टरला गायगर आणि मार्सडेन अंधाऱ्या खोलीत बसून झिंक सल्फाइडच्या पडद्यावरच्या ठिणग्या डोळ्यांनी मोजत होते. अंधाराला डोळे सरावेपर्यंत नुसतं बसून राहायचं.

अशा पदार्थांना सिंटिलेटर म्हणतात, आणि त्यावरचं संशोधन आजही जोरात आहे. जास्त प्रकाश, लवकर विझणं, ऊर्जेचा नेमका अंदाज, या तिन्हींची ओढाताण कायमची. आमचं सोडियम आयोडाइड त्यातलं म्हातारं, पण स्वस्त आणि भरवशाचं. मात्र नखरे फार. हवेतली ओल लागली की पिवळं पडतं, म्हणून ॲल्युमिनियमच्या सीलबंद आवरणात ठेवावं लागतं. तापमान झपाट्यानं बदललं तर तडकतं, म्हणून आमच्या खोलीतला एसी रविवारी आणि दिवाळीतही बंद होत नाही. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रात असे स्फटिक वाढवण्याचं काम जुनं आहे. परळचं त्यांचं रेडिएशन मेडिसिन सेंटर तर 1963 पासूनचं.

आता या सगळ्या सरंजामानं तुमच्याबाबतीत मोजलं काय? इडली खाल्ल्याबरोबर जठरातून किती ठिणग्या आल्या, आणि एक, दोन, चार तासांनी किती उरल्या, एवढंच. अंड्याच्या जेवणाचा नियम असा, की दोन तासांनी 60 टक्क्यांहून जास्त किंवा चार तासांनी 10 टक्क्यांहून जास्त उरलं तर जठर मंद. इडलीचे आकडे केंद्र आपापले ठरवतं. म्हणजे तुमच्या ‘नॉर्मल’चा अर्थ ‘जठर वेळेत रिकामं होतं’ इतकाच. मोठ्या आतड्याकडे त्या दिवशी कोणी बघितलंच नाही. आणि कळ कुठून येते, किती येते, हे तर हा कॅमेरा कोणत्याच आतड्यात दाखवू शकत नाही. तो हालचाल बघतो. तुमचा त्रास मुख्यतः जाणिवेचा आहे.

‘जाणिवेचा’ म्हटल्यावर घरचे ‘मग आम्ही काय म्हणत होतो’ म्हणतील, म्हणून जरा खोलात जातो.

भावनांचा पोटावर होणारा परिणाम पहिल्यांदा स्पष्ट दिसला तोही एका चमकणाऱ्या पडद्यावरच. वॉल्टर कॅनन तेव्हा हार्वर्डला वैद्यकीय शिक्षण घेत होते. क्ष-किरण सापडून वर्ष-दोन वर्षंच झाली होती. मांजरांना बिस्मथ कालवलेलं अन्न भरवायचं आणि पडद्यावर जठराच्या लाटा बघायच्या, असा त्यांचा उद्योग. मांजर शांत असेपर्यंत लाटा नीट चालायच्या. ते बिथरलं, धडपडायला लागलं की लाटा जागच्या जागी थांबायच्या. गोंजारून शांत केलं की पुन्हा सुरू. 1898 मध्ये त्यांनी हे छापलं. मांजराला ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असं कोणी म्हटलं नाही.

माणसांवरचा प्रयोग 1940 च्या दशकात न्यूयॉर्कला झाला, आणि आजची कोणतीही नैतिकता समिती त्याला परवानगी देणार नाही. थॉमस आल्मी यांनी एका निरोगी वैद्यकीय विद्यार्थ्याच्या मोठ्या आतड्यात दुर्बीण घातली आणि आत कर्करोगाची गाठ दिसतेय असं त्याला भासवलं. आतडं त्यांच्या डोळ्यांदेखत आवळलं. ही थाप होती असं सांगितल्यावर ते सैल पडलं.

यामागचं रसायन आता बऱ्यापैकी कळलंय. ताण आला की मेंदूतून सीआरएफ नावाचं संप्रेरक सुटतं, ज्याची रचना 1981 मध्ये वायली वेल यांच्या गटानं उलगडली. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की ते एकाच वेळी दोन उलट कामं करतं. जठर संथ करतं आणि मोठं आतडं पळवतं. परीक्षेच्या दिवशी घास उतरत नाही आणि संडासच्या फेऱ्या मात्र होतात, ते यामुळेच. तुमचं जडपण आणि तुमचे जुलाब एकाच आदेशाची दोन टोकं असू शकतात.

पण मग सगळ्यांनाच ताण असतो, सगळ्यांची पोटं का बिघडत नाहीत? मला वाटतं, खरा प्रश्न हाच आहे, आणि ‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगून पेशंटला घरी पाठवणारे नेमकं इथेच उत्तर चुकवतात.

1973 मध्ये रिची नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी गुदाशयाच्या वर, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात फुगा घालून तो हळूहळू फुगवला. साठ मिलिलिटर हवेला निरोगी लोकांपैकी 6 टक्क्यांना दुखलं, तर तुमच्यासारखा त्रास असलेल्यांपैकी 55 टक्क्यांना. फुगा तोच, हवा तेवढीच. गणपतीच्या मांडवात गाणं तेच असतं, पण कोणीतरी स्पीकरचा आवाज वाढवून ठेवलेला असतो, तसं यांच्या मज्जातंतूंचं झालेलं असतं. आतड्यात वायू सगळ्यांच्याच फिरतो. यांना तो कळ म्हणून ऐकू येतो.

आवाज वाढवला कोणी, याचे पुरावे गेल्या पंचवीसेक वर्षांत जमा झालेत, आणि तुमच्या कहाणीतलं ते लग्नाचं जेवण मला इथेच महत्त्वाचं वाटतं. मे 2000 मध्ये कॅनडातल्या वॉकरटन या छोट्या गावाच्या नळाच्या पाण्यात शेणातले जंतू शिरले. सात माणसं दगावली, दोन हजारांवर आजारी पडली. संशोधकांनी पुढे कित्येक वर्षं त्या गावकऱ्यांचा पाठपुरावा केला. ज्यांना तेव्हा जुलाब झाले होते त्यांच्यातल्या जवळपास 28 टक्क्यांना दोन-तीन वर्षांनीही आयबीएस होता. आठ वर्षांनी तो आकडा 15 टक्क्यांवर आला. जंतू केव्हाच गेले होते, पण आतड्याला लागलेलं वळण राहिलं. आणि हे वळण कोणाला लागतं? शेफील्डच्या अभ्यासात 1999 मध्ये दिसलं की जुलाबाच्या त्या दिवसांत ज्यांच्या आयुष्यात आधीच काही मोठी उलथापालथ चाललेली होती, त्यांच्यात याचं प्रमाण जास्त. संसर्ग आणि ताण एकाच वेळी आले की आतडं जास्त धडा घेतं.

पेशींच्या पातळीवरही काही दिसतं. 2004 मध्ये इटलीत बोलोन्याच्या गटानं रुग्णांच्या मोठ्या आतड्याचे तुकडे तपासले. तेव्हा मास्ट पेशी, म्हणजे ॲलर्जीत हिस्टामिन सोडणाऱ्या त्याच पेशी, मज्जातंतूंच्या अगदी लगत गर्दी करून होत्या. जितक्या जवळ, तितकं दुखणं जास्त. 2021 मध्ये बेल्जियममधल्या ल्युवेनच्या गटानं पुढचा दुवा जोडला. जुलाबाच्या संसर्गात पोटात जे अन्न असतं, त्याला आतडं शत्रू समजायला शिकतं, असं उंदरांमध्ये दिसलं. मग 12 रुग्णांच्या आतड्याच्या अस्तरात गहू, ग्लूटेन, सोया आणि दुधाचे अंश सुईनं टोचले. बाराही जणांना निदान एकाची तरी प्रतिक्रिया आली. निरोगी आठांपैकी दोघांनाच. संख्या लहान आहे हे मान्य, पण ‘डोक्यात आहे’ म्हणणाऱ्यांनी सुईखाली सुजलेला तो अस्तराचा तुकडा बघावा. रक्तातल्या ॲलर्जीच्या तपासणीत यातलं काही सापडत नाही, म्हणून त्या महागड्या ‘फूड इन्टॉलरन्स’ पॅनेलांवर पैसे घालू नका.

2023 मध्ये पेनसिल्व्हानियाच्या एका गटानं ताणाची वाट आणखी स्पष्ट केली. दीर्घ ताणात रक्तात कॉर्टिसोलच्या जातीची संप्रेरकं वाढलेली राहतात. उंदरांमध्ये त्यांनी आतड्यातल्या मज्जासंस्थेच्या आधारपेशींना दाहक बनवलं आणि मज्जापेशींनाही अर्धकच्चं करून हालचाल बिघडवली. पण हे काम कोलायटिस आणि क्रोन यांसारख्या दाहाच्या आजारांबद्दलचं होतं. ते तुम्हाला जसंच्या तसं लावायचं नाही. आपल्याकडे कोणत्याही पोटदुखीला ‘कोलायटिस’ म्हणायची सवय आहे, म्हणून मुद्दाम सांगतोय. दुर्बिणीत अस्तर स्वच्छ असेल तर तुम्हाला कोलायटिस नाही.

आणि दिशा एकच नसते. ऑस्ट्रेलियातल्या एका पाठपुराव्यात साधारण एक तृतीयांश लोकांत आधी चिंता किंवा नैराश्य आणि मग पोट असा क्रम होता, तर दोन तृतीयांश लोकांत आधी पोट बिघडलं आणि चिंता नंतर आली. व्हेगस मज्जातंतूतले बहुसंख्य धागे पोटाकडून मेंदूकडे जाणारे आहेत, हे लक्षात घेतलं तर याचं नवल वाटू नये. रोज सकाळी संडास सापडेल की नाही या काळजीनं बस धरणारी बाई काळजीखोर होणारच. तिचा स्वभाव आधीपासून तसा होता हे कशावरून?

मग सीआरएफला अडवणारं औषध दिलं की झालं, असं तुम्हाला वाटेल. संशोधकांनाही वाटलं होतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये पेक्सासरफॉन्ट नावाचं औषध 39 स्त्रियांना देऊन बघितलं आणि निकाल 2009 मध्ये आला. तिथे मोजणी आमच्याच कॅमेऱ्यानं झाली. लहान आतड्याच्या शेवटी विरघळणाऱ्या कॅप्सूलमधून इंडियम-111 लावलेला कोळसा मोठ्या आतड्यात सोडायचा आणि तो 24 तासांत कुठवर गेला ते पाहायचं. औषधानं वेगात काहीच ठळक फरक पडला नाही. मला हा निकाल महत्त्वाचा वाटतो. वर्षानुवर्षं ताण खाल्लेल्या आतड्यात एकच नळ बंद करून भागत नाही, आणि एकाच गोळीनं ‘व्हेगस जागा करणाऱ्या’ जाहिरातींनाही तेच लागू.

मेंदूही कॅमेऱ्यानं बघितलाय. 1997 मध्ये लॉस एंजेलिसच्या गटानं पेट स्कॅनमध्ये, फुगा फुगवताना आणि फुगवल्याचं नुसतं नाटक करताना, सहा रुग्ण आणि सहा निरोगी लोक तपासले. एकाच प्रसंगात दोन्ही गटांच्या मेंदूचे वेगवेगळे भाग कामाला लागले होते. आता संपूर्ण शरीर एकदम टिपणारे पेट आलेत. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या यंत्राची लांबी 194 सेंटिमीटर, त्याची पहिली मानवी चित्रं 2018 ची. त्यात लुटेशियमचे सिंटिलेटर असतात, आणि गंमत म्हणजे लुटेशियम स्वतःच किंचित किरणोत्सर्गी, त्यामुळे पेशंट आत नसतानाही ते चमकत राहतं. मेंदू आणि आतडं एकाच क्षणी बघता येणं ही या विषयासाठी मोठी सोय आहे. पण हे संशोधनाचं हत्यार झालं. तुमचं निदान त्यावर होणार नाही, कोणी ‘पेट करून बघू’ म्हणालं तर ‘कशासाठी’ असं विचारा.

निदान होतं ते लक्षणांवरून. तज्ज्ञांनी अशा तक्रारींसाठी ठरवलेल्या 2016 च्या रोम निकषांनुसार गेले तीन महिने आठवड्यातून निदान एक दिवस पोटदुखी, आणि शौचाशी संबंध, शौचाच्या वेळांत बदल, मळाच्या रूपात बदल, यांपैकी दोन गोष्टी. शिवाय त्रासाची सुरुवात निदान सहा महिन्यांपूर्वीची हवी. तुमच्या वर्णनात हे बसतं. मात्र शौचातून रक्त, न ठरवता वजन घटणं, झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, रक्तक्षय, किंवा घरात कोणाला आतड्याचा कर्करोग, यातलं काही असेल तर मी वर लिहिलेलं बाजूला ठेवा आणि आधी दाखवा. आपल्या देशात आतड्याचा क्षय अजून आहे आणि तो सुरुवातीला असाच साळसूद दिसतो.

उपचार तुमचे गॅस्ट्रो ठरवतील, पण मी काय विचारेन ते सांगतो. रात्री अगदी कमी मात्रेतलं अमिट्रिप्टिलिन चालेल का? हे नैराश्याचं जुनं औषध, पण इथे 10 ते 30 मिलिग्रॅम इतक्या मात्रेत ते मज्जातंतूंचा आवाज उतरवायला देतात. इंग्लंडमध्ये 463 रुग्णांवर सहा महिने चाचणी झाली, 2023 मध्ये निकाल आला, आणि औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा ते सरस ठरलं. तोंड कोरडं पडतं, सकाळी सुस्ती येते. आतडं थोडं मंदावतं, ते तुमच्या पथ्यावरच पडेल. चिठ्ठीवर ते नाव बघून घरच्यांनी ‘बघा, मनाचंच औषध’ म्हणू नये एवढं मात्र सांभाळा. पोटाला उद्देशून केलेलं संमोहन हा दुसरा पर्याय. मँचेस्टरला 1984 मध्ये त्याचा पहिला चांगला प्रयोग झाला, पण आपल्याकडे ते नीट शिकलेले फार थोडे. पोटातून सावकाश श्वास घेण्यात तोटा काही नाही, पण त्यानं चमत्कार होईल अशी आशा धरू नका.

खाण्यातलं मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातून आलेलं पथ्य करून बघण्यासारखं आहे. कांदा, लसूण, गहू, राजमा-चवळी, दूध यांतली काही साखरेची द्रव्यं पोटात पाणी ओढतात आणि आंबतात. महिना-दीड महिना ती टाळायची, भाताकडे वळायचं, आणि मग एकेक परत आणून नेमकं कोण बाधतं ते बघायचं. हा परत आणण्याचा भाग लोक विसरतात आणि वर्षभर नुसता वरणभात खात बसतात. चातुर्मासात कांदा-लसूण सोडला की पोट शांत असतं असं सांगणारे पेशंट मला भेटतात, त्यामागे बहुधा हेच असावं. हे पथ्य आहारतज्ज्ञांना विचारून करा.

किरणोत्सर्गाचं उत्तर सोपं आहे. त्या इडलीतून तुम्हाला मिळालेली मात्रा साधारण एक मिलिसीव्हर्ट किंवा त्याहून कमी. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून माणसाला वर्षाला जगभरात सरासरी 2.4 मिलिसीव्हर्ट मिळतातच. टेक्नेशियमचं अर्धायुष्य सहा तासांचं, त्यामुळे दोन दिवसांत नाव घ्यावं इतकंही उरत नाही. गरोदरपणाबद्दल स्कॅनआधी विचारलं होतं ना? नसेल विचारलं, तर पुढच्या वेळी कोणी विचारायची वाट बघू नका, आपणहून सांगा.

हाच स्कॅन पुन्हा करू नका. कॅमेऱ्याकडून तुमच्यासारख्यांना खरंच उपयोगी पडणारी एक वेगळी चाचणी ब्रिटनमध्ये होते. जुलाबवाल्या आयबीएसचा शिक्का बसलेल्यांपैकी काहींना खरं तर पित्ताम्लं, म्हणजे पित्तातली चरबी पचवणारी आम्लं, मोठ्या आतड्यात उतरल्यामुळे जुलाब होत असतात. सेलेनियम-75 लावलेलं पित्ताम्ल गिळायला देतात आणि सात दिवसांनी ते अंगात किती उरलं ते मोजतात. 15 टक्क्यांपेक्षा कमी उरलं तर उपचार वेगळा. आपल्याकडे ही चाचणी शोधत बसण्यापेक्षा पित्ताम्लं धरून ठेवणारी कोलेस्टिरामीनची पुडी काही दिवस घेऊन बघणं सोपं पडतं. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे जरूर विचारा. थायरॉइड आणि सिलियाकची (ग्लूटेनमुळे होणाऱ्या आतड्याच्या आजाराची) रक्ततपासणी झाली नसेल तर तीही विचारा.